गीझरातला झिजणारा दांडा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरसाल कोणी पाककृती सांगते, कोणी यात्रेची हकीकत सांगते. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले आणि विषय तुमच्या मनाचा घ्या म्हणाल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, पुस्तकी बोलणे मला साधणार नाही. म्हणून न्हाणीघरातल्या गीझरविषयी बोलते. हसू नका. आपल्या आळीतून गेल्या दोन वर्षांत किती गीझर भंगारवाल्याकडे गेले ते आधी मोजा, मग हसा.

आमच्या सासूबाईंचा तांब्याचा बंब होता. त्याची राख रोज काढावी लागे, चिंच लावून तो घासावा लागे, एखादा सांधा सुटला तर तांबट गाठावा लागे. बंब सारखा काम मागे, म्हणून त्याच्याकडे सारखे लक्ष जाई. गीझर काही मागत नाही. भिंतीवर उंच, पांढरा स्वच्छ, बटण दाबले की लाल दिवा. आत काय चालले आहे ते दिसत नाही, आणि दिसते तेव्हा बुडातून तांबूस पाणी टपकत असते.

माझ्या धाकट्या जाऊबाईंकडे असेच झाले. गीझर घेऊन पाच वर्षे झाली होती. प्रथम थेंब थेंब गळू लागला. दोन दिवसांनी नळाला हात लावला की बोटांना मुंग्या येऊ लागल्या. भावोजींनी लगेच मेन बटण खाली केले म्हणून बरे, नाहीतर सकाळी शाळेसाठी आधी मुलेच आंघोळीला जातात. कारागीर आला, झाकण काढून पाहिले आणि म्हणाला, टाकी गेली, नवा घ्या. त्याचे खोटे नव्हते. अशा टाकीला भोक पडले की ती घरगुती डागडुजीने सांधत नाही. जून महिना, मुलांच्या फिया भरायच्या, त्यात हे हजारोंचे नवे लचांड. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. ज्या दुकानाने गीझर विकला त्याने, आणि दर दिवाळीच्या आधी पैसे घेऊन 'सर्व्हिसिंग' करून जाणाऱ्याने, त्या टाकीच्या आत एक दांडा असतो हे पाच वर्षांत एकदाही तोंडातून काढले नव्हते.

तो दांडा म्हणजे काय ते सांगते. आपल्याकडच्या १०, १५, २५ लिटरच्या गीझरांची टाकी बहुधा पोलादी पत्र्याची असते. पोलाद पाण्यात गंजणारच, म्हणून आतून काचेचा लेप भट्टीत भाजून बसवतात. एनॅमलची थाळी आठवा, तोच प्रकार. थाळीचा टवका उडाला की तेवढ्याच जागी कसा काळा-तांबडा डाग धरतो! टाकीच्या लेपातही सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात, तापून-निवून बारीक तडे जातात. तेथे पाणी पोलादाला भिडते. हे ओळखूनच करणाऱ्यांनी आत मॅग्नेशियम धातूचा एक दांडा बसवलेला असतो. वीतभर लांब, अंगठ्याएवढा जाड, मध्ये बारीक पोलादी तार. त्याने फक्त झिजायचे.

हे कसे होते ते माझ्या भाचीने मला समजावले. ती तंत्रनिकेतनात शिकते. दोन धातू एकमेकांना लागून पाण्यात असले, तर जो विरघळायला अधिक उतावीळ तो आधी जातो आणि दुसरा वाचतो. आपल्या घरातलीच दोन उदाहरणे घ्या. तुपाच्या पत्र्याच्या डब्यावर कथलाचा मुलामा असतो. तो खरवडला गेला की डबा तेथे भराभर गंजतो, कारण कथलापेक्षा लोखंड अधिक उतावीळ. जस्ती बादलीचे उलट. तिच्यावर ओरखडा पडला तरी ती बराच काळ तग धरते, कारण आजूबाजूचे जस्त आपण झिजून लोखंडाला सांभाळते. मॅग्नेशियम तर जस्ताहूनही उतावीळ. १८२४ साली हंफ्री डेव्ही नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने आरमारी जहाजांच्या तळाचे तांब्याचे पत्रे वाचविण्यासाठी हीच युक्ती काढली, जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे लावून. तांबे वाचले, पण विरघळणाऱ्या तांब्याने जे शिंपले आणि शेवाळ दूर राहत ते मात्र तळाला चिकटू लागले, आणि आरमाराने तो नाद सोडला! गीझरात शिंपल्यांचे भय नाही.

पुस्तिकेत या दांड्याला 'सॅक्रिफिशियल अ‍ॅनोड' म्हटलेले असते, म्हणजे दुसऱ्यासाठी बळी जाणारा. नाव जड आहे, काम आपल्यापैकी पुष्कळजणींच्या ओळखीचे.

आता हा किती दिवस पुरतो? ते पाण्यावर आहे. पाण्यात क्षार जितके अधिक तितका तो लवकर खलास. आपल्या सोलापुरात एका घरात उजनीचे पाणी, दुसऱ्यात बोअरचे, तिसऱ्यात उन्हाळ्यात टँकरचे. तेव्हा शेजारणीचा तीन वर्षे टिकला म्हणून माझा टिकेल असे नाही. बोअरचे पाणी असेल तर दरसाल उघडून पाहावा. नुसते नळाचे असेल तर दोन वर्षांनी तरी. आणखी एक. गीझर बंद असला तरी टाकीत पाणी असेतो दांडा झिजतच असतो. "आम्ही चार महिनेच वापरतो" हा हिशेब येथे लागू पडत नाही. पाणी मऊ करणारे यंत्र बसविलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. तशा पाण्यात क्षाराचे थर कमी बसतात, पण दांडा अनेकदा लवकरच जातो.

कारागिराशी बोलताना नुसते "रॉड पाहा" म्हणू नका. तो पाणी तापविणाऱ्या कॉइललाच रॉड समजतो, तिच्यावरचा पांढरा थर खरवडून देतो आणि जातो. "अ‍ॅनोड काढून माझ्या हातात द्या" असे म्हणा. आमच्याकडे आलेला म्हणाला, "ताई, अजून वर्षभर चालेल." मी म्हटले, चालेल का ते मी पाहीन. काढला तर अर्ध्याहून अधिक लांबी नुसती तार होती. तार उघडी पडली किंवा दांडा निम्म्याने बारीक झाला की बदलायचा, एवढे लक्षात ठेवा. नवा काही शे रुपयांत येतो. आपल्या गीझरच्या मापाचाच घ्यावा, जुना बरोबर नेऊन.

हे काम आपण स्वतः करावे असे मी सांगणार नाही. विजेच्या तारा सोडवायच्या असतात. पण शेजारी उभे राहून पाहता येते. आधी मेन बटण खाली. पाणी निवू द्यायचे. वरून येणारे पाणी बंद करून टाकी रिकामी करायची. मग बुडाचे झाकण, तारा, आणि चकतीचे नट काढले की बऱ्याच गीझरांत कॉइल व दांडा एकत्रच खाली येतात. आमच्याकडे त्यांच्या मागोमाग चुनखडीसारखे क्षार पसाभर पडले! तेही तेव्हाच धुऊन घ्यावेत. रबरी वायसर नवा घालावा, जुनाच दाबून बसवला की तेथून गळती सुरू. नट समोरासमोरचे आवळत जावे, एकच बाजू गच्च करू नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, टाकी भरल्याशिवाय बटण लावू देऊ नका, कोरडी कॉइल जळते. गरम नळ उघडा ठेवावा; फसफस थांबून अखंड धार आली म्हणजे टाकी भरली. मग कोरड्या फडक्याने बूड पुसून दहा मिनिटे पाहावे, थेंब नाही ना. त्याच वेळी अर्थिंग आणि जादा दाब सोडणारा व्हॉल्व्हही तपासून घ्यावा.

काहींच्या टाक्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा तांब्याच्या असतात, आणि एक-तीन लिटरचे झटपट गीझर असतात. त्यांत बहुधा हा दांडा नसतो, पुस्तिका पाहावी. पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर पाण्यातले काही जंतू आणि हा मॅग्नेशियमचा दांडा मिळून तो करतात. तेव्हा दांडा काढून टाकू नये. अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा बसवून मिळतो का ते विचारावे. आणि वॉरंटीचा कागद नीट वाचा. टाकीची मुदत लांब लिहिलेली असते, पण खाऱ्या पाण्याविषयी आणि दांड्याविषयी अटी बारीक अक्षरांत असतात.

आमचा जुना दांडा आणि जाऊबाईंच्या टाकीचा कापून घेतलेला पत्रा मी पिशवीत आणला आहे. चहाच्या वेळी मधल्या टेबलावर ठेवते, हातात घेऊन पाहा. कारागीर एका घरी आला तरी येण्याचे पैसे घेतो, आणि पाच घरी आला तर तेच पैसे वाटून जातात, असे त्याच्याशी बोलून ठेवले आहे. ज्यांना आपला गीझर उघडून पाहायचा असेल त्यांनी खजिनदारबाईंच्या वहीत नाव, गीझर किती लिटरचा आणि कोणत्या साली घेतला ते लिहावे. पुढच्या मंगळवारी सकाळी दहाला मी त्याला घेऊन आळीच्या वरच्या टोकापासून सुरुवात करीन.