वैजयंतीचा श्रेष्ठी आणि कार्ल्याचे लेणे
(हीरक महोत्सवात दिलेले व्याख्यान)



म्हैसुरातील मराठी शाळेत लेण्यांविषयी बोलायचे, तर कार्ल्याच्या ओसरीतील एका शिलालेखापासून आरंभ करणे उचित होईल. ब्राह्मी लिपीतील तो छोटा प्राकृत लेख सांगतो की, जंबुद्वीपात उत्तम असे हे शैलगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्णत्वास नेले. वैजयंती म्हणजे आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील बनवासी. महाराष्ट्राला ज्या चैत्यगृहाचा एवढा अभिमान, त्याच्या पूर्ततेचा मान कर्नाटकातील एका व्यापाऱ्याकडे जातो!

हा श्रेष्ठी इतक्या दूर कशाला गेला असेल? उत्तर वाटेत आहे. सोपारा-कल्याण बंदरांत उतरलेला माल बोरघाटाने देशावर चढत असे, आणि कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी त्या घाटाच्या माथ्याजवळच आहेत. भिक्षूंना वर्षावासासाठी निवारा हवा होता. दान करण्याची ऐपत तांडे घेऊन जाणाऱ्यांपाशी होती.

भूतपाल एकटा मात्र नव्हता. सुमारे १२४ फूट लांबीच्या त्या चैत्यगृहात ३७ खांब आहेत, आणि त्यांतील अनेकांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकटाचे यवनही आहेत. त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या गंध विकणाऱ्याने एक द्वार दिले, तर सामी नावाच्या सुताराने द्वाराचे काम केले. शाळेची एकेक खोली एकेका देणगीदाराच्या नावे असावी, तसाच हा प्रकार. म्हणूनच, भूतपालाने सारे लेणे एकट्याने कोरविले असे मला वाटत नाही. अनेकांनी आरंभिलेले काम त्याने तडीस नेले असावे.

दानाचा हिशेबही चोख असे. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवल्याची नोंद आहे. व्याज दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून वर्षावासातील २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळत. मुद्दलाला हात लावायचा नाही, अशी अटही तेथेच कोरलेली आहे.

हीच कल्पना पुढे व्यापारी वाटांनीच गांधार आणि मध्य आशियातून चीनपर्यंत गेली. वाळवंटाच्या कडेला असलेल्या दुनहुआंग येथे इ. स. ३६६ मध्ये पहिली गुहा खोदली गेली, असे परंपरा सांगते. तेथील भित्तिचित्रांतही बुद्धाच्या पायाशी दात्यांच्या रांगा रंगविलेल्या दिसतात, नावांसह.

कार्ल्याला आपण बहुधा एकवीरेच्या दर्शनास जातो. देऊळ लेण्याच्या तोंडाशीच आहे. पुढच्या खेपेस थोडा वेळ काढून आत जा. छताच्या लाकडी कमानी पाहा; त्या जवळजवळ दोन हजार वर्षे तेथे आहेत. मग ओसरीत येऊन तो लेख शोधा. त्याचा पहिलाच शब्द आहे ‘वेजयंतितो’, म्हणजे वैजयंतीहून आलेला.