आभासी उपकरणांची बोली



आजच्या भाषणाचा विषय माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या जुन्या मास्तरास शोभणारा नाहीं, हें मी आरंभींच कबूल करतों. परंतु ज्याच्या पायांत कांटा रुततो, त्याला कांट्याची चौकशी करावीच लागते.

आमच्या शाळेचें जनरल रजिस्टर एका माजी विद्यार्थ्यानें २०११ सालीं संगणकावर चढविलें. लिनक्सच्या २.६.३२ या कर्नलवर चालणारी ती व्यवस्था होती. पुढें एका पावसाळ्यांत छप्पर गळून मूळ वह्या भिजल्या व त्यांचा लगदा झाला; मग संगणकही मोडकळीस आला. तेव्हां माझ्या पुतण्यानें त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून ती एका आभासी यंत्रांत ठेवली, आणि काम पूर्ववत् चालूं लागलें. मी निवृत्त झालों तरी तें सांभाळणें माझ्याकडेच राहिलें. गेल्या वर्षीं पुतण्यानें हौसेनें त्या यंत्राचा सांचा बदलून नवा घेतला. आणि दुसऱ्या दिवशीं यंत्र म्हणूं लागलें कीं, डिस्क सांपडत नाहीं. त्याच आठवड्यांत एक गृहस्थ आपल्या जन्मतारखेचा दाखला मागावयास आले होते. त्यांना काय सांगावें?

आभासी यंत्र म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगतों. क्यूएमू नांवाचें एक सॉफ्टवेअर आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थानें तें लिहिलें व २००३ सालीं लोकांपुढें ठेवलें. तें बहुरूप्यासारखें प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क-कार्ड अशीं सर्व सोंगें आणतें, आणि आंत चालणाऱ्या पाहुण्या व्यवस्थेस आपण खऱ्याच संगणकावर आहों असें वाटतें. मात्र खऱ्या कार्डाची प्रत्येक लकब हुबेहूब वठविण्यांत फार वेळ खर्ची पडतो. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेल यांनीं एक निराळी तोड काढली. पाहुण्यानें यजमान बहुरूपी आहे हें ओळखूनच वागावें, आणि दोघांनीं सामायिक स्मृतींत चिठ्ठ्यांची रांग मांडून व्यवहार करावा, अशी ती तोड. हिचें नांव व्हर्टिओ. लिनक्सच्या २.६.२४ या आवृत्तींत, म्हणजे जानेवारी २००८ मध्यें, ती आली.

ही पहिली बोली घाईनें बनली होती. तिचा सर्वांत खोल दोष अंकांच्या क्रमाचा. आपण 'पंचवीस' म्हणतांना आधीं पांच व मग वीस उच्चारतों. लिहितांना मात्र आधीं दोन, मग पांच. प्रोसेसरांतही अशा दोन जाती आहेत. कोणी संख्येचा लहान भाग आधीं ठेवतो, कोणी मोठा. जुन्या व्हर्टिओचा नियम असा कीं, पाहुण्याची जी रीत असेल तीच चालावी. एका प्रोसेसरास एकच रीत होती तोंवर हें निभावलें. पण पॉवर व आर्म या प्रोसेसरांना दोन्ही रिती येतात. त्यामुळें पाहुणा या घटकेस कोणत्या रीतीनें वाचीत आहे, हें क्यूएमूला अदमासानें ठरवावें लागूं लागलें. दुसरा दोष असा कीं, पाहुण्यानें मागितलेल्या सोयी उपकरणास मान्य नसल्या, तर नकार कळविण्याची रीतसर जागाच नव्हती.

ओॲसिस या संस्थेनें पुढें व्हर्टिओ १.० हें प्रमाण संमत केलें. त्यांत लहान भाग आधीं हा एकच क्रम ठरला. पाहुण्यानें सोयींच्या यादीवर खूण करावी व ती खूण टिकली कीं नाहीं हें पुन्हां वाचून पाहावें. टिकली नाहीं तर करार झाला नाहीं, असेंही ठरलें. हा नियम मला फार आवडला. वर्गांत 'समजलें का?' असें विचारून उत्तराची वाट न पाहणारे मास्तर मीं पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांत मीही एक होतों.

नव्या प्रमाणाला मॉडर्न व जुन्या रीतीला लेगसी म्हणतात. दोन्ही बोली बोलणारें उपकरण तें ट्रान्झिशनल. आतां कोणी म्हणेल, सर्वच उपकरणें दुभाषी ठेवावीं, म्हणजे कोणाचीच तक्रार नाहीं. परंतु जुन्या बोलीला पोर्टांची जागा लागते. नेहमींच्या पीसीत अशा जागा एकंदर ६५,५३६. पीसीआय एक्सप्रेसच्या प्रत्येक खांचेमागें एक पूल असतो, आणि प्रत्येक पूल निदान ४,०९६ जागा अडवितो. म्हणजे सोळा पुलांतच सारें आवार संपलें. यास्तव क्यूएमूच्या २०१६ मधील २.७ या आवृत्तीपासून, एक्सप्रेस खांचेंत बसविलेलें व्हर्टिओ उपकरण, वेगळें न सांगितल्यास, केवळ मॉडर्न असतें. जुन्या पीसीआय खांचेंतलें दुभाषी असतें. शिवाय जुनी वाट उघडी ठेवायची म्हणजे ती तपासावी लागते, आणि न तपासलेल्या वाटेनें चोरही येतो.

पुढें ऑगस्ट २०२० मध्यें ५.१ आवृत्ति निघाली, आणि तींत कडकपणा एक पायरी वाढला. पाहुणा व यजमान यांत संभाषण चालविणारें व्हीसॉक हें उपकरण १.० नंतर जन्मलें. त्याला जुनी बोली कधींच नव्हती. तरी जुन्या खांचेंत बसविलें कीं तें आपण दुभाषी असल्याचें सांगे. ५.१ नें अशा उपकरणास दारांतच अडविलें: हें केवळ मॉडर्न आहे, जुनी रीत बंद करून आण. नियम अगदीं रास्त होता. पण जीं आभासी यंत्रें पूर्वींपासून त्याच मांडणीनें सुरळीत चालत होतीं, तींही सुरू होईनात. डिसेंबरांतील ५.२ मध्यें ही चूक सुधारली. व्हीसॉकला मॉडर्न रीत सक्तीची केली; आणि ज्या यंत्राच्या सांच्यावर ५.१ पूर्वींचा क्रमांक असेल, त्याला न अडवितां केवळ ताकीद द्यावी असें ठरलें. असा क्रमांक घातलेला सांचा म्हणजे एक वचनच असतें: क्यूएमू कितीही नवें झालें तरी पाहुण्याला तेंच घर दिसेल.

मला हाच मार्ग न्याय्य वाटतो. अभ्यासक्रम बदलला म्हणजे नव्यानें बसणाऱ्यांस नवाच लागू करावा. पण जुन्या अभ्यासक्रमाच्या नापास मुलांना परीक्षा-मंडळ कांहीं संधी जुन्याच पुस्तकावर देतें. सवलत आहे म्हणून नवा अभ्यासक्रम ढिला पडत नाहीं.

आतां आमच्या डिस्ककडे वळतों. डिस्क शाबूत होती. नवा सांचा एक्सप्रेसचा. त्यांत डिस्कचें उपकरण केवळ मॉडर्न झालें, आणि २००९ सालच्या कर्नलला तें आपल्या ओळखीचें वाटेना. लिनक्सला नवी बोली २०१५ सालीं ४.० या आवृत्तींत आली. येथें क्यूएमूला दोष देतां येत नाहीं. डिस्कच्या आंत कोणत्या काळचा पाहुणा निजला आहे, हें त्याला कसें कळावें? तें आपणच सांगावयाचें असतें, आणि त्यासाठीं २०१९ च्या ४.० आवृत्तीपासून ट्रान्झिशनल व नॉन-ट्रान्झिशनल अशा स्पष्ट नांवांचीं उपकरणें मिळतात. मात्र व्हीसॉकला दारांत निदान कारण तरी सांगण्यांत आलें. आमच्या वेळीं कोणीच कांहीं बोललें नाहीं, याचें मला अजून वाईट वाटतें.

ट्रान्झिशनल उपकरण जुन्याच खांचेंत बसतें. म्हणून पुतण्यानें एक्सप्रेसहून जुन्या पीसीआयकडे नेणारा एक पूल मांडला, त्यापलीकडे डिस्क ट्रान्झिशनल म्हणून बसविली, आणि यंत्र उठलें. त्या गृहस्थांची तारीख मिळाली. त्यांनीं ती दोनदां वाचून पाहिली व आपला वाढदिवस इतकीं वर्षें चुकीच्या दिवशीं करीत आलों, असें हंसत सांगितलें. आम्हीं त्या रात्रीं सबंध रजिस्टर कागदावर छापून घेतलें. आतां तें वरच्या माळ्यावर, कौलांपासून दूर ठेवलें आहे.