पडदा, प्लेग आणि परळ



सार्वजनिक आरोग्य हा केवळ डॉक्टरांचा विषय, अशी समजूत समाजात दृढमूल झाली आहे. परळच्या हाफकिन संस्थेचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. त्यावर लस सिद्ध करणारे वाल्डेमार हाफकिन हे वैद्य नव्हते, प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी काम केले आणि १० जानेवारी १८९७ रोजी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात लस घेतलेले व न घेतलेले कैदी यांची तुलना झाली. ही तुलना हाच या शास्त्राचा प्राण होय.

आज हे शास्त्र शिकण्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी चढावीच लागते असे नाही. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक अशा ऑनलाइन अभ्यासक्रमांतून मिळविण्यास विद्यापीठे अनुमती देऊ शकतात. दादरचा कला शाखेचा विद्यार्थीही साथरोगांचे गणित शिकू शकतो, आणि न कळलेले व्याख्यान पुन्हा ऐकू शकतो. वर्गात ही सोय कोठून असणार?

त्याची गरज किती, हे लालबागने पाहिले. २०२० साली लालबागच्या राजाच्या मंडळाने १९३४पासूनच्या उत्सवाला मुरड घालून ‘आरोग्योत्सव’ केला, रक्त आणि प्लाझ्मा दानाची शिबिरे भरविली. परंतु भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत प्लाझ्मामुळे मृत्यू कमी होत नाहीत असे आढळले. मे २०२१मध्ये तो उपचार मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला. दात्यांचे चुकले काय? मुळीच नाही. त्या वेळी जे करता येण्याजोगे होते ते त्यांनी निरपेक्ष बुद्धीने केले. सेवाभाव समाजाने दिला, निर्णय पुराव्याने दिला. हा भेद शिकविण्यास संगणकाचा पडदा उत्तम आहे.

पण तो तेवढ्यालाच. ऑक्टोबर १८९६मध्ये आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, ही धास्ती रोगाहून मोठी ठरली होती. तेच रुग्णालय पुढे कस्तुरबा या नावाने ओळखले गेले आणि २०२०च्या साथीत मुंबईचे आद्य आश्रयस्थान बनले. दार न उघडणाऱ्या आजींशी कसे बोलावे, हे व्याख्यानाच्या चित्रफितीत सापडत नाही. त्यासाठी जिना चढावा लागतो.

म्हणून विद्यापीठांनी ऑनलाइन श्रेयांक अवश्य द्यावेत, पण त्यांतील काही गुण महापालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या कामासाठी राखून ठेवावेत. आणि परीक्षेतला एक प्रश्न विद्यार्थ्याच्याच गिरगावातल्या चाळीचा असावा : सामाईक पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, आणि ती कोणी धुतली?