उन्हाळी चित्रपट आणि आम्ही प्रेक्षक



आजचा विषय वाचून काहींनी नाके मुरडली असतील. जेथे तत्त्वज्ञान, अर्थकारण, संगीत यांची चर्चा व्हायची, तेथे हॉलिवुडचे उन्हाळी चित्रपट कशाला, असे कोणीही म्हणेल. पण ज्या करमणुकीसाठी जगभर कोट्यवधी माणसे पदरचे पैसे मोडतात, तिचा हिशेब मांडणे हेही लोकशिक्षणच आहे. आम्ही टीकाकार नव्हे, की या धंद्यातले जाणकारही नव्हे. तिकीट काढून अंधारात बसणारे साधे प्रेक्षक आहोत, आणि तेवढ्याच अधिकाराने बोलणार आहोत.

प्रथम हा उन्हाळा म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत तो मे महिन्याच्या अखेरीस सुरू होतो आणि सप्टेंबरच्या आरंभी संपतो. एके काळी या दिवसांत तिकडची चित्रगृहे ओस पडत, कारण आत बसणे म्हणजे भट्टीत बसणे. १९२५ साली न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रगृहात विलिस कॅरिअर यांचे हवा थंड करणारे यंत्र बसले आणि लोक गारव्यासाठी आत येऊ लागले. पुढे १९७५ च्या जूनमध्ये ‘जॉज’ हा शार्क माशाचा चित्रपट चारशेहून अधिक चित्रगृहांत एकदम लावला गेला आणि दूरचित्रवाणीवर त्याच्या जाहिरातींचा पाऊस पडला. तेव्हापासून उन्हाळा हा या धंद्याचा सुगीचा काळ ठरला. सुगी म्हटली की शेतकरी खात्रीचे बियाणे पेरतो. त्याच न्यायाने जुन्या यशाचा पुढचा भाग, त्याच्याही पुढचा भाग, अशी पेरणी सुरू झाली.

आता उदाहरणासाठी २०२३ चा उन्हाळा घेऊ. त्या जूनमध्ये ‘इंडियाना जोन्स’ मालिकेतला पाचवा चित्रपट आला. हॅरिसन फोर्ड तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. चित्रपटाच्या आरंभी संगणकाच्या साहाय्याने त्यांना तरुण केले होते. चेहरा तरुण, आणि आवाज मात्र वयाने जड झालेला! आम्हांला त्या तरुण मुखवट्यापेक्षा पुढे येणारा थकला-भागला म्हातारा अधिक खरा वाटला. त्याच महिन्यातल्या ‘द फ्लॅश’मध्ये तर १९५९ साली वारलेले जॉर्ज रीव्ह्ज आणि २००४ साली वारलेले ख्रिस्तोफर रीव्ह हे दोघे सुपरमॅन पडद्यावर पुन्हा उभे केले होते. आम्ही हे भक्तीने पाहावे अशी अपेक्षा असावी. आमच्या अंगावर मात्र काटा आला. आपल्याकडे मृतांचे स्मरण करतात, त्यांना कामाला जुंपत नाहीत.

हा केवळ आमच्या हळवेपणाचा प्रश्न नव्हे. त्याच उन्हाळ्यात, २ मेपासून हॉलिवुडचे लेखक आणि १४ जुलैपासून नट-नटी संपावर गेल्या. हे दोन्ही वर्ग एकाच वेळी संपावर जाण्याचा प्रसंग १९६० नंतर प्रथमच आला. मोबदल्याच्या प्रश्नाबरोबर त्यांचे एक गाऱ्हाणे असे होते की, यंत्र आमचे लेखन गिळील, आमचा चेहरा आमच्या संमतीवाचून वापरील. पडद्यावर जी गंमत म्हणून दाखविली जात होती, तिच्याचविरुद्ध माणसे रस्त्यावर फलक घेऊन उभी होती. लेखकांचा संप १४८ दिवस चालला, नटांचा ११८ दिवस.

आणि मग २१ जुलैला दोन चित्रपट एकाच दिवशी लागले : ग्रेटा गर्विग यांचा ‘बार्बी’ आणि ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘ओपनहायमर’. एक बाहुलीचा, दुसरा अणुबाँबचा. लोकांनी विनोदाने दोन्ही नावांची संधी केली आणि कित्येकांनी दोन्ही एकाच दिवशी पाहिले. ‘बार्बी’ने जगभरात सुमारे १४४ कोटी डॉलर मिळविले, तर तीन तासांच्या, बहुतांशी संवादांनी भरलेल्या ‘ओपनहायमर’नेही ९५ कोटींच्या पुढे मजल मारली. प्रेक्षकाला डोके नसते, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

म्हणून आम्ही दोहोंची आरती ओवाळावी काय? नाही. ‘बार्बी’ बाहुली विकणाऱ्या कंपनीची टर उडवितो, स्त्रीवरच्या अशक्य अपेक्षांचे माप तिच्या मुखातून सुनावितो, आणि ते सारे त्याच कंपनीच्या सहभागाने. आम्ही मनमोकळे हसलो. पण आपल्यावरची थट्टासुद्धा विकता येते, हा व्यापाऱ्याचा धडाही तेथेच शिकलो.

‘ओपनहायमर’बद्दल आमचे मत अधिक आदराचे आहे आणि तक्रारही अधिक खोल आहे. बर्कलेत आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृत शिकलेला, गीता मुळातून वाचणारा हा शास्त्रज्ञ आपल्याला परका वाटत नाही. हिरोशिमाची बातमी आल्यावर टाळ्यांच्या गजरात त्याला समोरच्या मुलीची कातडी सोलताना दिसते. तो प्रसंग आम्ही विसरणार नाही. तरीही हिरोशिमा आणि नागासाकी पडद्यावर येत नाहीत. १६ जुलै १९४५ च्या चाचणीच्या आसपास, न्यू मेक्सिकोत, कसलीही पूर्वसूचना न मिळालेली जी माणसे राहत होती, तीही येत नाहीत. दिग्दर्शकाला नायकाच्या डोळ्यांनीच सारे दाखवायचे होते, हे आम्ही जाणतो. पण ज्याने आग लावली त्याचे दुःख तीन तास, आणि जे जळले त्यांची केवळ सावली, हे माप आम्हांला पटत नाही. जपानमध्ये हा चित्रपट २०२४ च्या मार्चअखेर लागला. तेथील प्रेक्षक कोणत्या मनाने आत गेला असेल, याचा विचार आपण करावा.

सारांश, आम्ही पडद्याकडे चमत्कार मागत नाही, माणूस मागतो. तो म्हातारा असला तरी चालेल, चुकलेला असला तरी चालेल, पण खरा असावा. चित्रपट कसे निघावेत हे ठरविणारे दूर बसले आहेत. पण कशासाठी तिकीट काढायचे हे ठरविणारे येथे, या मांडवात बसले आहेत. ते मत विचाराने द्यावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.