सीआरपी, मिश्री आणि आठ मार्चचं पॅकेज

(संघटनेच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या आरोग्य अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मघाशी मी फळ्यावर 'सीआरपी' असं लिहिलं, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "म्हणजे उमेदवाल्या ताई का?" बचतगटात काम करणाऱ्या बाईला सीआरपी म्हटलं की गावातली समुदाय संसाधन व्यक्तीच आठवणार. पण २०२०-२१ मध्ये करोनाच्या दिवसांत दुसरी एक सीआरपी आपल्या घराघरांत शिरली होती. "सीआरपी किती आली?" हे आपण भाजीचा भाव विचारावा तसं विचारत होतो. आज बोलायचं आहे ते त्या रक्तातल्या सीआरपीबद्दल, आणि तेही हृदयाच्या संदर्भात.

मी डॉक्टर नाही. एम.एस.डब्ल्यू. केलेली, वस्तीत काम करणारी बाई आहे. या विषयाकडे वळले ती आमच्या वस्तीतल्या एका मावशींमुळे. वय ५३, पाच घरचा स्वयंपाक करतात, सकाळी मिश्री लावल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. मागच्या वर्षी त्यांना जिना चढताना दम लागायला लागला. मग जबडा दुखायला लागला. दाढ दुखते म्हणून त्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्या, छातीत जळजळ होते म्हणून नेहमीच्या दवाखान्यात तीनदा गेल्या. तिन्ही वेळा पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. आणि आता हे सांगायलाच हवं, मीसुद्धा त्यांना "मावशी, जेवणाच्या वेळा सांभाळा" एवढंच म्हणाले होते. पंधरा दिवसांनी रात्री त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. हार्ट अटॅक होता. वाचल्या.

त्यांची मुलगी दुसऱ्या दिवशी कागद घेऊन माझ्याकडे आली. "ताई, चरबीचा रिपोर्ट तर नॉर्मल आलाय. मग अटॅक आलाच कसा?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून वाचायला बसले.

आपली समजूत अशी की रक्तवाहिनी म्हणजे नळ आणि चरबी म्हणजे त्यात साचणारा गाळ. पण रक्तवाहिनीची भिंत जिवंत असते. वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, त्या भिंतीत शिरलं की शरीर त्याला परका समजतं आणि पांढऱ्या पेशी त्याच्यावर धावून जातात. बोटात काटा मोडल्यावर बोट लाल होतं, सुजतं, गरम लागतं, तसाच हा प्रकार. यालाच दाह म्हणायचं. काटा निघाला की बोट बरं होतं. भिंतीतला दाह मात्र वर्षानुवर्षं धुमसत राहतो. तिथे चरबी आणि पेशी यांची गाठ बनते, तिच्यावरचा पापुद्रा पातळ होतो आणि एक दिवस फुटतो. त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. म्हणून चरबी फार नसलेल्या बाईलाही अटॅक येऊ शकतो.

शरीरात असा दाह असला की यकृताला निरोप जातो आणि ते सीआरपी नावाचं प्रथिन तयार करतं. हे प्रथिन १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सापडलं. करोनात किंवा न्यूमोनियात ते पन्नास, शंभर असं चढतं. हृदयासाठी बघतात ते अगदी बारीक प्रमाण, त्यासाठी हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी अशी वेगळी तपासणी असते. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेलं तर आधी कुठे जंतुसंसर्ग आहे का ते बघायचं आणि बरं झाल्यावर पुन्हा तपासायचं.

आता यात बायकांचा मुद्दा कुठे आला? इथे जरा थांबते, कारण मला सगळ्यात जास्त राग याच भागाचा आला. ॲस्पिरिनने अटॅक टळतो का, हे बघण्यासाठी अमेरिकेत १९८० च्या दशकात मोठा अभ्यास झाला. २२,०७१ डॉक्टर घेतले. सगळे पुरुष. त्यांना फायदा दिसला आणि सल्ला मात्र बायकांनाही मिळू लागला. तिथल्या औषध प्रशासनाने तर १९७७ मध्येच मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवायला सांगितलं होतं. गर्भाला धोका नको, हे कारण. ते १९९३ मध्ये बदललं, आणि ते आपोआप बदललं नाही, तिथल्या स्त्री-आरोग्य चळवळीने त्यासाठी भांडण केलं. १९९१ मध्ये डॉ. बर्नाडिन हीली या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी लिहिलं होतं की बाईचा आजार पुरुषासारखा दिसला तरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. त्याच वर्षी त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रमुख झाल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री.

या वातावरणात १९९२ पासून एक अभ्यास उभा राहिला. ४५ वर्षांवरच्या ३९,८७६ स्त्रिया, सगळ्या आरोग्यसेवेत काम करणाऱ्या, बहुतेक नर्सेस. ॲस्पिरिनचा निकाल २००५ मध्ये आला, तो पुरुषांसारखा नव्हताच. एकूण बायकांमध्ये पहिला अटॅक टळला नाही, पक्षाघात मात्र काहीसा कमी झाला. बघा, पुरुषांवरून काढलेला निष्कर्ष बायकांना जसाच्या तसा लागू पडला नाही.

यातल्या २७,९३९ जणींचं रक्त सुरुवातीलाच तपासलं होतं. डॉ. पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा तीस वर्षांचा हिशोब २०२४ मध्ये मांडला. सीआरपीप्रमाणे बायकांचे पाच सारखे गट केले. सर्वांत वरच्या गटाला सर्वांत खालच्या गटापेक्षा हृदयविकार किंवा पक्षाघाताचा धोका ७० टक्क्यांनी जास्त होता. एलडीएलच्या बाबतीत हाच फरक ३६ टक्के होता. लिपोप्रोटीन ए नावाची एक आनुवंशिक चरबी असते, तिच्या बाबतीत ३३ टक्के. म्हणजे पन्नाशीत एकदा काढलेलं रक्त ऐंशीपर्यंतचं काही सांगून जातं.

पण ७० टक्के हा आकडा ऐकून घाबरू नका. सत्तर जणींना अटॅक येतो असा त्याचा अर्थ नाही. तीस वर्षांत या सगळ्या बायकांपैकी ३,६६२ जणींना असा पहिला आजार झाला, म्हणजे शंभरात साधारण तेरा. बाकीच्या सत्त्याऐंशी जणींना झाला नाही. टक्क्यांची भाषा ऐकली की "कशाच्या किती टक्के" हे विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे. आणि त्या बहुतेक गोऱ्या, शिकलेल्या, पगारी नर्सेस होत्या. आमच्या मावशी त्यात नव्हत्या.

दुसरं म्हणजे, सीआरपी हा धूर आहे, जाळ नाही. काही लोकांचं सीआरपी जन्मतःच जरा जास्त असतं, पण तेवढ्यामुळे त्यांना हृदयविकार जास्त होत नाही, हे जनुकांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. तेव्हा "सीआरपी उतरवणारं चूर्ण" कुणी विकायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. धुमसतंय कुठे ते बघायचं. पोटावरची चरबी, तंबाखू, हिरड्यांचा आजार, संधिवात यांनी दाह वाढतो. पाळी गेल्यावर देतात त्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही सीआरपी चढतं. याच गोळ्या हृदयाला जपतात असं सांगून वर्षानुवर्षं बायकांना दिल्या गेल्या. प्रोजेस्टिनसह दिलेल्या गोळ्यांची मोठी चाचणी २००२ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण अपाय फायद्यापेक्षा जास्त निघाला.

आपल्या कामाशी जोडलेला एक अभ्यास न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातला आहे. १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलामुलींवर तिथे जन्मापासून लक्ष ठेवलं. लहानपणी ज्यांचा छळ झाला होता, त्यांच्या रक्तात ३२ व्या वर्षी दाहाच्या खुणा जास्त होत्या. हे मी सल्ला केंद्रातल्या मैत्रिणींना सांगितलं तेव्हा एकीने लगेच विचारलं, "मग कोर्टात पुरावा म्हणून देता येईल?" नाही, बाई. साध्या सर्दीनेही सीआरपी चढतं. तो कुणा एकीच्या मारहाणीचा पुरावा नाही.

आता मुद्द्याचं. एका लॅबने आपल्याला ८ मार्चला शिबिर घेऊ म्हणून कळवलं आहे. महिलांसाठी हृदयाचं पॅकेज, अठरा तपासण्या, अर्ध्या दरात. त्यात ही सीआरपीही आहे. आपल्या काही जणी म्हणतात की आयतं मिळतंय तर घेऊ या. माझं मत घेऊ नये असं आहे, आणि ते सीआरपी निरुपयोगी आहे म्हणून नाही. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२५ मध्ये ती सर्वांचीच करावी अशी शिफारसही केली आहे. (हेही माहीत असू द्या की डॉ. रिडकर यांचं नाव या तपासणीशी संबंधित पेटंटांवर आहे. त्यांनी ते स्वतः जाहीर केलेलं आहे आणि त्याने अभ्यास खोटा ठरत नाही, पण बाजार कुठून सुरू होतो ते कळतं.)

माझा आक्षेप वेगळा आहे. मावशींना दवाखान्यात भरती केलं तेव्हा साखर २८० निघाली. त्रेपन्न वर्षांत त्यांची साखर कुणी तपासलीच नव्हती. ब्लडप्रेशरही नाही. मिश्रीबद्दल कुणी शब्द विचारला नव्हता. त्यांचं सीआरपी किती होतं हे मला माहीत नाही, आणि लेकीच्या प्रश्नाचं खरं उत्तर सीआरपीत शोधायची गरजही नव्हती. ते साखरेच्या पट्टीवर आणि मिश्रीच्या डबीत होतं. या तपासण्या तीस वर्षांवरच्या प्रत्येकीला आरोग्य उपकेंद्रात फुकट मिळायला हव्यात. आशाताईंनी भरायच्या तक्त्यात तंबाखू, कंबरेचं माप, घरातला मधुमेह आणि हृदयविकार हे प्रश्न आहेत. कंबर ८० सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, ९० च्या वर गेली तर दोन. किती वस्त्यांत हे तक्ते खरोखर भरले जातात?

सीआरपी कुणी करावी? जिचा धोका ना कमी ना जास्त असा अधांतरी आहे आणि औषध सुरू करावं की नाही असा डॉक्टरांना प्रश्न आहे, तिने. जिला संधिवात आहे, गरोदरपणात बीपी वाढून झटके आले होते, किंवा चाळिशीच्या आत पाळी गेली, तिने हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. बाळंतपणाचा हा इतिहास सहसा कुणी विचारतच नाही. आपण दक्षिण आशियातल्या आहोत हेसुद्धा अमेरिकी नियमावलीत धोका वाढवणारं कारण म्हणून नोंदलेलं आहे. करायचीच तर सर्दी-ताप, दाढदुखी नसताना, आणि जास्त आली तर दोन आठवड्यांनी परत एकदा. सामान्य सीआरपी करून चालत नाही, चिठ्ठीवर हाय सेन्सिटिव्हिटी असं लिहून घ्या.

आणि दम लागणं, जबडा, पाठ, खांदा दुखणं, मळमळ, घाम, न समजणारा थकवा. बायकांमध्येही छातीत दुखणं हेच सगळ्यात जास्त आढळतं, पण त्याच्या जोडीने ही लक्षणं पुरुषांपेक्षा जास्त दिसतात. अशा वेळी "ईसीजी काढा" असं आपण होऊन म्हणायचं. डॉक्टर हसले तरी म्हणायचं.

लॅबला शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. माझा प्रस्ताव असा की ८ मार्चला आपण आपल्या उपकेंद्रावर जाऊ, प्रत्येकीचं बीपी, साखर आणि कंबर मोजून घेऊ आणि नसलेल्या पट्ट्यांची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना देऊ. मावशी यायला तयार आहेत. मिश्री सोडून चार महिने झाले असं त्या सांगतात. लेक म्हणते, डबी अजून फडताळात आहे.