यशवंतसागरचे सारस


इंदूरनजीक गंभीर नदीवर असलेला यशवंतसागर जलाशय शहराच्या पाणीपुरवठ्यास हातभार लावतो, हे सर्वांस विदित आहे. तेथेच सारस पक्ष्यांचाही निवास आहे. २०२२ साली सिरपूर तलाव व यशवंतसागर या दोहोंना रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले.

उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये सारस सर्वांत उंच. परंतु त्याचे घरटे झाडावर नसून उथळ पाण्यात, लव्हाळ्यांचे असते. पावसाळ्यात मादी बहुधा दोनच अंडी घालते. नर व मादी ती आळीपाळीने सुमारे महिनाभर उबवितात. माणूस फार जवळ गेल्यास जोडी घरट्यावरून उठते आणि तेवढ्या अवधीत कावळे अंडी फोडतात.

म्हणून पक्षी पाहावयाचे ते काठावरून, दुर्बिणीतून व शांतपणे. शिक्षकांनी मुलांना आधी हा नियम शिकवावा, मगच जलाशय दाखवावा. शेतकरी बांधवांनी घरट्याभोवतीची लव्हाळी महिनाभर कापू नयेत. घरटे आढळल्यास वनखात्यास अवश्य कळवावे. गावभर मात्र त्याचा बोभाटा करू नये.