दीर्घ ध्येय आणि उद्याची शाश्वती

(बोईसर येथील कामगारांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आयुष्यात दूरचे ध्येय ठरवावे आणि ते निर्धाराने गाठावे, हा उपदेश सध्या फार स्वस्त झाला आहे. व्याख्यानांतून, पुस्तकांतून, हातातल्या मोबाइलवरून तो अहोरात्र कानी पडतो. जो पुढे गेला तो इच्छाशक्तीच्या बळावर गेला आणि जो मागे राहिला त्याला ध्येयच नव्हते, असा या उपदेशाचा गाभा असतो. यातील पहिल्या विधानात अर्धे सत्य आहे. दुसऱ्यात मात्र सत्यापेक्षा अन्यायच अधिक आहे. हा अन्याय ज्यांच्यावर होतो ते बहुतांशी श्रमजीवी असल्यामुळे या प्रश्नाचा विचार कामगारांच्या अभ्यासवर्गात होणे अगत्याचे आहे.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीला निघालेल्या कोणत्याही तरुणाला विचारा. त्याला ध्येय असते. कोणाला आयटीआयचा राहिलेला अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, कोणाला गावाकडे दोन खोल्या बांधायच्या असतात, कोणाला मुलीला परिचारिका करायचे असते. यातील एकही ध्येय अवास्तव नाही. परंतु प्रत्येकाला पाच, सात, दहा वर्षांचा सलग काळ लागतो, आणि हा सलग काळच त्याच्या मालकीचा नसतो. ठेकेदार बदलला की हजेरीपटावरील नाव पुसले जाते; आठवड्याला पाळी बदलली की संध्याकाळचा वर्ग बुडतो; घरात कोणी आजारी पडले की चार खाडे होतात आणि साठवलेले पैसे औषधात जातात. ज्याचा उद्याच अनिश्चित आहे, त्याने दहा वर्षांनंतरच्या दिवसाकडे कोणत्या भरवशावर पाहावे?

अर्थशास्त्राने या प्रश्नाचा विचार पूर्वीच केला आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आयर्विंग फिशर यांनी १९३० साली प्रसिद्ध झालेल्या व्याजविषयक ग्रंथात माणसाच्या अधीरतेची मीमांसा केली. आजचा रुपया सोडून उद्याच्या दीड रुपयाची वाट पाहण्याची तयारी माणसामाणसांत वेगवेगळी का असते, हा त्यांचा प्रश्न होता. दूरदृष्टी, आत्मसंयम आणि सवयी यांना त्यांनी त्यात स्थान दिलेच. परंतु अल्प उत्पन्न हे स्वतःच अधीरता वाढवते, हेही त्यांनी स्पष्टपणे मांडले. पोटाची निकड माणसाला वर्तमानाशी जखडून ठेवते, आणि दूरदृष्टी व संयम या गुणांनाही हळूहळू दुबळे करते. म्हणजे ज्याला आपण गरिबाचा स्वभावदोष म्हणतो, तो पुष्कळदा त्याच्या गरिबीचा परिणाम असतो. कारण आणि कार्य यांची अदलाबदल करून आपण त्यालाच दूषण देतो.

याचा जळजळीत पुरावा याच भूमीत आहे. डहाणू, तलासरी आणि उंबरगाव या भागांत 'लग्नगडी' नावाची प्रथा होती. वारली तरुण लग्नापुरते कर्ज जमीनदाराकडून काढी, आणि त्या कर्जापोटी नवराबायको दोघेही त्याच्याकडे आयुष्यभर राबत. संसार मांडावा एवढीच त्या तरुणाची इच्छा. तेवढ्यासाठी त्याचे पुढचे सगळे आयुष्य गहाण पडे. अशा माणसाला 'तुझे दूरचे ध्येय काय?' असे विचारणे ही क्रूर थट्टा ठरली असती. त्याचा भविष्यकाळ सावकाराच्या वहीत जमा होता. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथील परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारण्याचा निर्धार केला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी किसान सभेच्या वतीने त्या लढ्याचे नेतृत्व केले. त्या लढ्याने वारल्यांना रोख मजुरी मिळाली, एवढेच त्याचे मोल नव्हे. त्यांचा उद्याचा दिवस त्यांना परत मिळाला, आणि मग मुलाला शाळेत घालण्याचा विचार करणे शक्य झाले. वेठबिगारी निर्मूलनाचा देशव्यापी कायदा त्यानंतर तीन दशकांनी, १९७६ साली झाला.

आजचा कंत्राटी कामगार लग्नगडी नाही. तो काम सोडून जाऊ शकतो. परंतु त्याचा भविष्यकाळ तुकड्यातुकड्यांनी विकला जातो. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने सलग पाच वर्षांच्या सेवेची अट घातली होती. कायदा करणाऱ्यांच्या मनात दीर्घ सेवेचा कामगार होता. तोच कामगार अकरा महिन्यांच्या हिशोबाने ठेवला गेला की कायद्याचे फळ त्याच्या हाती लागण्यापूर्वीच झाड हलवले जाते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या कामगाराला त्याच्या सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी देण्याचे तत्त्व मान्य झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र त्यासाठी हातात लेखी नेमणूकपत्र लागते. ज्याच्यापाशी साधी पगाराची पावती नाही, त्याला हक्क सांगण्यासाठी आधार कोणता?

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, मग वैयक्तिक प्रयत्नाला काही अर्थच उरला नाही. हा निष्कर्ष चुकीचा ठरेल, आणि तो चुकीचा का ठरेल याचे उत्तरही याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आहे.

अनुताई वाघ यांचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न, आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळच्या समाजाने अशा मुलीच्या आयुष्याचा हिशोब तेथेच मिटवला असता. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या. पुण्याच्या हुजूरपागेत दिवसा शिकवीत आणि रात्रीच्या शाळेत स्वतः शिकत. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा पस्तीस वर्षांच्या अनुताई त्यांना जाऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडला आदिवासींमध्ये गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणातली बालवाडी आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा आली. पाने, बिया, शिंपले हीच शिक्षणाची साधने झाली. एकीकडे हे काम चालू असताना अनुताई १९६१ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, पदवीधर झाल्या. १९७३ साली ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतरही १९९२ मध्ये डोळे मिटेपर्यंत अनुताई कोसबाडलाच राहिल्या. सत्तेचाळीस वर्षे एका ध्येयाला दिलेले हे आयुष्य आहे.

या आयुष्यातून दीर्घ ध्येयाविषयी तीन गोष्टी शिकता येतात. पहिली अशी की, ध्येय हातातल्या कामाशी जोडलेले असावे. अनुताईंची पदवी त्यांच्या बालवाडीपासून वेगळी नव्हती; म्हणून कामाने अभ्यास अडला नाही आणि अभ्यासाने काम मागे पडले नाही. दुसरी अशी की, लांबचा पल्ला टप्प्याटप्प्यानेच तोडावा लागतो, आणि दोन टप्प्यांमध्ये दहा-वीस वर्षे गेली तरी तो पराभव नसतो. शिक्षिका होणे आणि पदवीधर होणे यांच्यात त्यांची तीन दशके गेली. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्यांचे ध्येय एकट्याचे राहिले नाही. ताराबाईंनी सुरू केले, अनुताईंनी पुढे नेले, आणि १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे 'अंगणवाडी' हा शब्द देशाच्या खेड्यापाड्यांत पोचला. जे ध्येय अनेकांचे होते, ते एका माणसाच्या आजारपणाने किंवा मृत्यूने संपत नाही.

त्याबरोबर हेही विसरता कामा नये की, अनुताईंच्या जिद्दीला टेकायला काहीतरी होते. महिन्याच्या महिन्याला मिळणारे वेतन होते. रात्रीची शाळा होती, आणि ती कोणीतरी आधी काढली होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा उघडली, तेव्हापासून महाराष्ट्रात ही परंपरा आहे. व्यक्तीची जिद्द आणि समाजाने उभी केलेली शिडी, दोन्ही लागतात. शिडी नसताना जिद्दीचा उपदेश करणे ही फसवणूक आहे. शिडी उभी असताना पायरीवर पाय न ठेवणे हा आळस आहे.

म्हणून बोईसरच्या कामगार तरुणाने दोन आघाड्यांवर काम करावे. पहिली आघाडी स्वतःची. दहावी राहिली असेल तर सतरा नंबरचा अर्ज भरून ती बाहेरून देता येते. पदवीसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. वर्षाला एकच टप्पा ठरवावा, तो घरच्यांना सांगावा, आणि पाळी कोणतीही असो, दिवसातील एक तास त्यासाठी राखावा. एकट्याने जमत नसेल तर एका चाळीतील चौघांनी मिळून बसावे. एकाची रातपाळी असेल तेव्हा दुसऱ्याने त्याच्यासाठी टिपणे काढून ठेवावीत.

दुसरी आघाडी संघटनेची. नेमणूकपत्र, पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा खातेक्रमांक आणि महिन्याआधी जाहीर होणारे पाळीपत्रक, या मागण्या किरकोळ वाटतात. वस्तुतः त्या काळाच्या मालकीच्या मागण्या आहेत. पाळी आधी कळली तर वर्गाला जाता येते. नोकरीची मुदत कळली तर कर्जाचा हप्ता ठरवता येतो. वेतनवाढीच्या मागणीपत्रात यांना शेवटचे कलम म्हणून स्थान मिळते. ते वर यायला हवे. त्याचप्रमाणे प्रत्येक संघटनेने आपल्या कार्यालयात संध्याकाळी दिवा लावून एक अभ्यासिका चालवावी. सभा नसते त्या दिवशी या खोल्यांना कुलूप असते. ते निघाले तर भाड्याचा प्रश्न उरत नाही.

आठ तासांच्या कामाचा लढा जगभरच्या कामगारांनी दिला, तेव्हा त्यांनी दिवसाचे तीन भाग केले होते: आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी. त्या तिसऱ्या भागातच माणसाची ध्येये वाढतात. जेथे बारा तासांची पाळी रुजते, तेथे सर्वांत आधी हा तिसरा भाग कापला जातो, आणि त्याची नोंद कोणत्याही पगारपत्रकात होत नाही. तो भाग परत मिळवणे आणि मिळालेला वाया न घालवणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावयाची आहेत. त्यांतील पहिले सर्वांनी मिळून करायचे आहे. दुसरे प्रत्येकाने आज रात्रीपासून सुरू करता येईल.